बरोबरी झाली की मुक्काम

समस्त फुटबॉलप्रेमी, ग्रामस्थ, माजी खेळाडू आणि सामना फुकटात बघून रेफरीला शिव्या देणारे सन्माननीय प्रेक्षक यांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, बिदर-कलबुर्गी सीमाभागातल्या मैदानांवर अनेक वर्षे सुखाने नांदलेला आमचा ‘मुक्काम’ हा नियम गेल्या हंगामाआधी, अल्पशा चर्चेनंतर, हात वर करून झालेल्या मतदानात निवर्तला. त्याच्या पश्चात दोन गोलपोस्ट, एक फाटकी जाळी, एक शिट्टी आणि ती शिट्टी वाजवणारा मी, असा परिवार आहे. दुखवटा पाळू नये. मैदानावर आता तेवढा वेळ कुणालाच नसतो.

मी रेफरी. पोटासाठी हुमनाबादकडच्या एका शाळेत पी.टी. मास्तर आणि जिवासाठी रेफरी. शाळेत माझी शिट्टी ऐकून पोरं रांगेत उभी राहतात. मैदानावर तीच शिट्टी ऐकून बावीस माणसं माझ्या अंगावर धावून येतात. शिट्टी एकच, पण एकीचा पगार मिळतो आणि दुसरीचा आनंद.

बाहेरच्या लोकांना वाटतं, रेफरीला नियम पाठ असले की झालं. आमच्या भागात नियमांआधी शिव्या पाठ असाव्या लागतात. मराठीतली शिवी, कन्नडमधली शिवी, दखनीतली शिवी, आणि औरादकडची टीम आली की तेलुगूतली. सगळ्या कळाव्या लागतात आणि एकही कळली नाही असा चेहरा ठेवावा लागतो. सगळ्या कळल्याचं दाखवलं तर कार्डं देता देता सामना संपेल आणि मैदानावर मी आणि बॉल एवढेच उरू. या धंद्यातली खरी कला शिट्टी वाजवण्यात नाही, ती न वाजवण्यात आहे. एखाद्याला पाडलं, पण बॉल त्याच्याच जोडीदाराकडे गेला आणि समोर गोल दिसतोय, तर रेफरीनं शिट्टी तोंडात धरून दोन्ही हात पुढे करायचे आणि खेळ चालू द्यायचा. पुस्तकात याला मोठं इंग्रजी नाव आहे. आम्ही ओरडतो, “बिड्री!” कन्नडमध्ये म्हणजे, सोडा हो, जाऊ द्या. मराठी पोरांनाही तो शब्द इतका अंगवळणी पडलाय की बायकोशी भांडण झालं तरी ते मनातल्या मनात दोन्ही हात पुढे करतात.

आता नियम बदलायला लागले त्याची गोष्ट. जगात कुठंतरी मोठी माणसं बसतात आणि फुटबॉलचे नियम बदलतात. पूर्वी ते बदल आमच्याकडे पोचेपर्यंत जुने होऊन गेलेले असायचे. आता मोबाईल आला. तिकडे नियम नुसता सुचवला तरी इकडे चहाच्या टपरीवर तो लागू झालेला असतो.

पहिला आला तो कप्तानाचा नियम. रेफरीशी फक्त कप्तानानंच बोलायचं, बाकीच्यांनी घोळका केला तर कार्ड. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी सामन्याआधी माईकवरून तो तीनदा जाहीर केला. त्या वर्षी करजगीची टीम लांबून, अफजलपूरकडून आली होती. मैदानात उतरली तेव्हा बघतो तर अकराच्या अकरा जणांच्या दंडाला कप्तानाची पट्टी. कुणाची रुमालाची, कुणाची सायकलच्या ट्यूबची, गोलकीपरनं तर बायकोच्या साडीचा काठ बांधलेला.

“हे काय रे?” मी विचारलं.

त्यातला सगळ्यात वयस्क, टकला माणूस पुढं आला. “मास्तर, आमच्यात समदे समान हायत. कुणाला बोलायचं न्हाई म्हणून घरी पाठवावं, सांगा!”

दुसरा आला गोलकीपरचा नियम. बॉल हातात धरून वेळ काढायचा नाही. आठ सेकंदांत सोडला नाही तर समोरच्याला कॉर्नर. मी हात वर करून मोठ्यांदा मोजायला लागलो, “ओंदु, एरडु, मूरु...” मुडबीचा गोलकीपर बालाजी बॉल कवटाळून शांत उभा. मी ‘एंटु’, म्हणजे आठ, म्हणून कॉर्नर दिला तर म्हणतो, “मास्तर, मला कन्नड आकडे कळत न्हाईत. मराठीत मोजा की.” हा बालाजी आठवडी बाजारात कांदे विकतो आणि कन्नड गिऱ्हाइकाशी अर्ध्या किलोवरून कन्नडमध्येच हुज्जत घालतो. मी म्हटलं, “बरं, मग कांदे विकताना मोजतोस तसं मोज.” तो हसला आणि कॉर्नर घेऊ दिला.

सांगायचा मुद्दा, नियमांशी माझं भांडण नव्हतं. नियम बदलतात, आमची माणसं त्यातून वाट काढतात, आणि त्या वाटेवर उभं राहून शिट्टी वाजवायला मला फार आवडायचं. भांडण झालं ते स्पर्धेचं रूपच बदललं तेव्हा, आणि तेही हरलेलं भांडण.

आमच्या दुबलगुंडीच्या स्पर्धेत हरला तो घरी, जिंकला तो पुढं. आणि बरोबरी झाली तर? जादा वेळ नाही, पेनल्टी नाही, नाणं उडवणं नाही. मी लांब शिट्टी मारायची, आणि पाहुण्या टीमनं गावात मुक्काम करायचा. सकाळी तोच सामना पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे बरोबरी झाली असं कुणी म्हणतच नसे. म्हणायचे, “मॅच मुक्कामी पडली.”

हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही. तो गंगाक्कानं घातला.

गंगाक्का मुडबीची लेक, बसवकल्याण तालुक्यातली, मराठी घरातली. लग्न होऊन दुबलगुंडीला कन्नड घरात आली. आई-वडील गेले, एकुलता एक भाऊ पुण्याला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. मुडबीतल्या घराला कुलूप. म्हणजे माहेर होतं, पण जायला दार नव्हतं.

फार वर्षांपूर्वी मुडबी आणि दुबलगुंडीचा सामना अंधार पडेपर्यंत सुटेना, तेव्हा सकाळी पुन्हा खेळायचं ठरलं आणि मुडबीच्या पोरांची सोय शाळेच्या व्हरांड्यात केली. हे ऐकून गंगाक्का तिथं आली. कमरेला पदर खोचलेला, हात पिठाचे.

“माझ्या माहेरची पोरं फरशीवर कामून निजायलेत?” तिनं मला विचारलं, जणू मीच त्यांना हरवून तिथं टाकलं होतं. “गाव मेलंय व्हय इथलं?”

आणि सगळी टीम घरी घेऊन गेली. मलाही. रेफरी कुणाचाच नसतो म्हणून तो कुठंही जेवू शकतो, असा मीच एक नियम तेव्हा जाहीर केला. त्या रात्री पातेल्यात अंबाडीची भाजी होती. माहेरी तिला अंबाडी म्हणायचे, सासरी पुंडीपल्या. गंगाक्का मुडबीच्या पोरांना वाढताना अंबाडी म्हणायची आणि दुबलगुंडीच्या कप्तानाला वाढताना पुंडी. पातेलं एकच. सोबत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर.

पण जेवण हे निमित्त. ती वाढता वाढता विचारत राहायची. “मारुतीच्या मागची चिंच हाय का रे अजून?” “सुताराच्या सुमीला किती लेकरं?” “आमच्या घराम्होरं कुणी झाडतं का?” पोरं तिच्या भावाच्या वयाची नव्हती, भाच्यांच्या वयाची होती. आत्या म्हणायची तिला. ज्या पोराला चिंचेचं माहीत नसेल तो थाप मारायचा, “हाय की आत्या, लई चिंचा लागल्यात.” मी ते ओळखायचो. रेफरीला थाप ओळखता येते. पण तिथंही मी दोन्ही हात पुढे करून खेळ चालू द्यायचो.

त्यानंतर मुक्कामाचा नियमच झाला, आणि इतर गावांनीही उचलला. सकाळचे सामने मात्र बघण्यासारखे नसत. रात्रीच्या हुग्गीनं पोरं जड झालेली. बॉलच्या मागं जाण्यापेक्षा बॉल आपल्याकडे येईल का हे बघत उभी राहायची.

मैदानावर गंगाक्काचं एक वेड मशहूर होतं. दुबलगुंडी पुढं असली की ती मुडबीच्या नावानं ओरडायची. मुडबीनं बरोबरी करून एक गोल जास्त मारला की लगेच उलटून दुबलगुंडीच्या नावानं. मागून पोरं चिडवायची, “अक्का, पार्टी बदलू नगं!” नवखा माणूस म्हणायचा, म्हातारीला खेळ कळत न्हाई. माझ्या मते त्या मैदानावर खेळ नीट कळणारी ती एकटीच होती. तिला कुणी जिंकायला नको होतं. मॅच मुक्कामी पडायला हवी होती. दरवर्षी पडायची नाही. कधी मुडबी सरळ हरायची, सरळ जिंकायची, आणि टेम्पो तसाच जायचा. मग गंगाक्का टेम्पोच्या फळीला हात लावून उभी राहायची आणि तेवढ्यात चिंचेचं विचारून घ्यायची.

दुसरीकडे माझ्यावर आळ. स्पर्धा कमिटीचे सेक्रेटरी प्रभुअण्णा, खताचे दुकानदार, भल्या सकाळी माईकवरून देवाची गाणी लावणारे गृहस्थ, चारचौघांत म्हणायचे, “मास्तरांची शिट्टी पोटातून वाजतंय. पुंडीपल्याचा वास आला की मॅच बरोबरी.” मी खोटं खोटं चिडायचो. वाचकहो, देवाशपथ सांगतो, मी एकही सामना मुद्दाम बरोबरीत सोडवला नाही. बरोबरीत सुटावा म्हणून प्रार्थना मात्र केलीय, आणि प्रार्थनेला पुस्तकात कार्ड नाही.

गेल्या हंगामाआधी सोसायटीच्या गोदामात कमिटीची बैठक झाली. प्रभुअण्णांनी मोबाईल नाकासमोर धरला.

“जगात सगळीकडे बरोबरीनंतर फिरून मॅच, ते रिप्ले, बंद व्हायलेत, मास्तर. मोठमोठ्या देशात. वर्ल्ड कपात टीमा वाढायल्यात, गट पाडायलेत. आपण कामून मागं राहायचं? यंदा चार गट, छोट्या मॅची, एका रविवारी सगळं खलास. बरोबरी झाली की डायरेक्ट पेनल्टी. मुक्काम बंद.”

मी उभा राहिलो. नाटकात राजा मरताना बोलतो तसा बोललो. “मंडळी, बरोबरी हासुद्धा निकालच आहे. दोघं सारखे आहेत, हा निकाल.”

“बरोबरी म्हणजे लग्नाची बोलणी, मास्तर,” प्रभुअण्णा म्हणाले. “लग्न न्हवं.”

गोदाम हसलं. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. मग त्यांचा आवाज खाली आला. “पोरं आता शेतात न्हाईत, मास्तर. कोण हैदराबादला, कोण पुण्याला, कोण इथं हुमनाबादच्या कंपनीत. रविवारची सुट्टी काढून येत्यात. मुक्काम केला तर सोमवारी त्यांच्या जागी ड्युटीवर कोण उभं राहील? तुम्ही?”

तो माणूस खोटं बोलत नव्हता. तरी मी मतदान मागितलं. माझ्या बाजूनं दोन हात वर झाले. एक माझा. दुसरा चहावाल्याचा, तो कप किती पाहिजेत विचारत होता.

प्रभुअण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बिड्री, मास्तर.”

माझाच शब्द. मी सोडून दिलं.

नव्या नियमाचा माईकवरून खूप गाजावाजा झाला. रिक्षा फिरली, कन्नडमध्ये एकदा, मराठीत एकदा. बरोबरी झाल्यास पेनल्टी, बरोबरी झाल्यास पेनल्टी. त्याच आठवड्यात बाजारात गंगाक्का भेटली. पिशवीतून अंबाडीची जुडी बाहेर डोकावत होती.

“मास्तर, औंदा बरोबरी झाली तर पेनल्टी हाय म्हणं?”

“व्हय अक्का.”

“दोन्ही गावांला?”

“दोन्ही गावांना. पाच-पाच.”

“पाच-पाचच व्हय!” तिचा चेहरा उजळला. “मग काय बी हरकत न्हाई. देतील की पोरं.”

काय विश्वास आपल्या पोरांवर, असं म्हणून मी कौतुकानं मान हलवली आणि वांगी घ्यायला गेलो.

रविवार उजाडला. एका दिवसात एवढे सामने मी आयुष्यात घेतले नव्हते. टीमा येत होत्या, खेळत होत्या, गाड्यांत बसून जात होत्या. एस.टी. स्टँडवर उभं राहून कंडक्टरांना शिट्टी देतोय असं वाटत होतं. सगळं वेळेवर, नीटनेटकं. प्रभुअण्णा खूष. आणि अंतिम सामन्याला कोण यावं? मुडबी आणि दुबलगुंडी.

सामना झकास झाला, हे कबूल करतो. दुबलगुंडीनं आधी गोल मारला तेव्हा लिंबाच्या झाडाखालून ओळखीचा आवाज आला, “मुडबी! पळा रे मुडबी!” शेवटाला थोडा वेळ उरला असताना मुडबीनं फेडला. आवाज बंद. मग ती दोन्ही हात जोडून नुसती उभी. एक-एक. मी घड्याळ बघितलं आणि लांब शिट्टी मारली.

शिट्टी विरायच्या आत गंगाक्का पदर खोचून घराकडे चालायला लागलेली मला दिसली. भरभर, वय विसरून. मला वाटलं, पेनल्टीचा ताण बघवत नसेल. पुष्कळांना बघवत नाही.

पेनल्टी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. एक माणूस बॉल ठेवतो, एक माणूस गोलात उभा राहतो, बाकीचे वीस जण मैदानाच्या मधोमध एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जिवंत असल्यासारखं करतात. पाच एकाचे, पाच दुसऱ्याचे. दिवसभराचा खेळ त्यात काही कामाचा नसतो. दुबलगुंडीच्या शेवटच्या पोरानं डावीकडे मारला, बालाजी डावीकडेच झेपावला, बॉल त्याच्या मनगटाला लागून बाहेर गेला. मुडबी जिंकली. पोरांनी बालाजीला उचललं, कप दिला, फोटो काढला, टेम्पोचं इंजिन चालू. सोमवारची पहिली पाळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आणि तेवढ्यात गंगाक्का आली. डोक्यावर दुपारीच थापून ठेवलेल्या भाकरींची दुरडी, मागं सून भाजीचं आणि हुग्गीचं पातेलं घेऊन. चुलीच्या धगीनं चेहरा लाल.

“कुठं चढायलाव रे? हातपाय धुवा आधी!”

“आत्या, जिंकलाव!” बालाजी टेम्पोतून कप दाखवत ओरडला. “मुडबीला निघालाव!”

“जिंकलाव?” ती थांबली. “बरोबरी झाल्ती न्हवं? म्या शिट्टी ऐकून गेले की.”

“झाल्ती. मंग पेनल्टीत जिंकलाव.”

“पेनल्टी भरलाव न्हवं पाच-पाच? मंग मुक्काम कामून न्हाई?”

टेम्पोतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला बाजारातलं तिचं ‘देतील की पोरं’ आठवलं. लाईटबिल उशिरा भरलं की जी लागते ती पेनल्टी. घरपट्टीवर चढते ती पेनल्टी. आमच्या घराघरात पेनल्टी या शब्दाचा दुसरा अर्थच नाही. बरोबरी केल्याबद्दल दोन्ही गावांनी पाच-पाच रुपये दंड भरायचा आणि नेहमीप्रमाणे जेवायला बसायचं, एवढाच तिला नवा नियम कळला होता. आणि तिला तो फार स्वस्त वाटला होता.

बालाजी खाली उतरला. “आत्या, आधी सांगायचं न्हाई व्हय! बॉल सोडला असता की म्या!” तो मनापासून बोलला. पण सोडला असता तरी टेम्पो निघालाच असता. नव्या नियमात हरलेला आणि जिंकलेला एकाच वेळी घरी जातो.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पोरांनी भाकरी धोतराच्या फडक्यात बांधून घेतल्या, भाजी भाकरीवरच घेतली, आणि हुग्गीला भांडं नव्हतं म्हणून कपात भरली. कपातून वाफ निघत होती. गंगाक्का फळीला हात लावून उभी राहिली. कुणाला काही विचारलं नाही. बालाजीच तिला म्हणाला, “चिंच हाय, आत्या.” टेम्पो हलला, तिचा हात फळीवरून सुटला.

मग मी तिच्याजवळ गेलो. प्रभुअण्णाही आले, हातात माईक तसाच. देणगीदारांचे आभार मानायचे राहिले होते. मी तिला सगळं समजावून सांगितलं. बोटं दाखवली, पाच एकाचे, पाच दुसऱ्याचे, मग ज्याचे जास्त तो जिंकला आणि दुसरा हरला. ती डॉक्टरचं ऐकावं तसं लक्ष देऊन ऐकत होती. रिकामी दुरडी कमरेवर. तिनं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि माईक चालू आहे हे तिला किंवा प्रभुअण्णांना कुठं माहीत. चारही भोंग्यांतून सगळ्या दुबलगुंडीला ऐकू आलं:

“मास्तर, बरोबरी झाल्यावर बी कुणी हरतंय व्हय?”